सरका, गरम आहे

आमच्या घरात बाईमाणसासाठी कुणी बाजूला सरकत नाही. म्हणजे माणसं वाईट आहेत असं मुळीच नाही, सवयच नाही कुणाला. बाबा दारात उभे राहून पेपर वाचतात. काका जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून फोनवर बोलतात. आजोबा होते तेव्हा तर स्वयंपाकघराच्या दारातच खुर्ची टाकून बसायचे, कारण वारा म्हणे फक्त तिथेच येतो. आईला दिवसभर त्याच वाटेने जा-ये करायची असायची आणि ती बिचारी अंग चोरून, भिंतीला घासून जायची. अपवाद एकच. हातात चिमट्याने धरलेलं उकळतं पातेलं असलं की ती आतूनच आवाज द्यायची, "सरका, गरम आहे!" आणि आजोबा खुर्चीसकट बाजूला व्हायचे.

मला परदेशातल्या एका क्लबकडून व्हॉलीबॉल खेळायला बोलावणं आलं, तेव्हा बाबा आणि काका त्याच दारात उभे राहून माझं काय करायचं ते ठरवत होते. काका म्हणाले, "सव्वीस वर्षांची झाली, अजून किती दिवस बॉल बडवणार?" बाबा म्हणाले, "आणि तिकडे जेवणाचं काय?" बाबांना जगातल्या कुठल्याही गोष्टीत पहिल्यांदा जेवणाचं काय हे दिसतं. मी मध्ये बोलायला गेले तर दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं आणि मी मूग गिळून गप्प बसले. तेवढ्यात आई दुधाचं पातेलं घेऊन आली. "सरका, गरम आहे. आणि ती जाणार आहे." एका दमात म्हणाली. दोघं सरकले. सरकल्यावर तोच विषय पुन्हा कसा काढायचा ते त्यांना सुचेना, आणि मी इकडे आले.

आता मी खेळते काय ते सांगते, नाहीतर पुढची फजिती कळायची नाही. मी लिबेरो आहे. टीममध्ये जिचा शर्ट वेगळ्या रंगाचा असतो आणि जी सगळ्यांत बुटकी असते, ती लिबेरो. तिने जाळ्यापाशी उड्या मारायच्या नाहीत, मागे राहायचं आणि समोरून आलेला बॉल जमिनीला टेकू द्यायचा नाही. बस. बॉल दोघींच्या मधोमध आला तर लिबेरोने मोठ्याने "माझा!" म्हणून ओरडायचं आणि दुसरीने बाजूला व्हायचं. लहान पोरांना शिकवतात पहिल्या दिवशी.

आणि मी खेळताना आयुष्यात कधी "माझा!" असं ओरडले नव्हते. खोटं नाही सांगत. आमच्या तिकडच्या टीममध्ये मी सगळ्यांत मोठी. पोरी सोळा-सतरा वर्षांच्या, सगळ्या मला ताई म्हणायच्या. मी नुसती मान वळवली की चार जणी बाजूला. मला वाटायचं, काय आपला दरारा! दरारा कसला डोंबलाचा, माझं वय होतं ते. हे मला इकडे आल्यावर कळलं, कारण इकडे मी सगळ्यांत लहान निघाले.

कॅप्टन अडतीस वर्षांच्या. केस पिकलेले, ते लपवायची जराही खटपट नाही. दोन मुलं, त्यातला थोरला माझ्या खांद्याच्या वर. खांदे असे रुंद की दार पूर्ण उघडावं लागायचं. पहिल्याच दिवशी कपडे बदलायच्या खोलीत मी बॅग खांद्याला लावून उभी राहिले, कारण त्या अजून बसल्या नव्हत्या. त्या उभ्या, म्हणून मी उभी. मी उभी, म्हणून माझी रूममेट माझ्यासाठी जागा करून तीही उभी. ही रूममेट म्हणजे सहा फूट तीन इंच. मनातल्या मनात मी तिचं नाव खांब ठेवलं होतं. शेवटी कॅप्टननी विचारलं, "तू आत्ताच निघालीस की काय?"

आमचं सगळं बोलणं मोडक्या इंग्रजीत चालायचं. त्यांची एका बाजूने मोडकी, माझी दुसऱ्या बाजूने. पण कॅप्टनला नावाने हाक मारायची म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. माझ्या थोरल्या मामीच्या वयाची बाई, तिला काय एकेरीत नावाने हाक मारू? मी सरळ "ताई" म्हणायला लागले. खांबाला वाटलं हे त्यांचं लाडाचं नाव असणार, तीही म्हणायला लागली. चार दिवसांत अख्खी टीम ताई म्हणायला लागली आणि एके सकाळी साठीच्या पुढचे, पांढऱ्या मिशांचे आमचे कोच टाळी वाजवून म्हणाले, "ताई, सर्व्हिस कर." मला हसूही येईना आणि रडूही येईना.

हे कोच कधी ओरडत नाहीत. जितका राग जास्त तितका आवाज बारीक. साधा राग आला तर पुटपुटतात, आणि फार भडकले की नुसते ओठ हलतात. दुसऱ्या आठवड्यात माझ्याशी बोलताना त्यांचे नुसते ओठ हलायला लागले.

कारण बॉल पडत होता. माझ्या हातातून नव्हे, तसा एक पडला असता तर मी रडून मोकळी झाले असते. बॉल पडायचा ताईंच्या आणि माझ्या मधोमध. बॉल यायचा, मला दिसायचा, माझाच असायचा, मी दोन पावलं टाकायचे, आणि ताई मागे येताना दिसल्या की माझे पाय आपोआप थांबायचे. आधी तुम्ही! माझ्या तोंडाने नव्हे, पायांनी म्हटलेलं. त्या माझ्या ओरडण्याची वाट बघायच्या, मी त्यांच्या मार्गातून दूर, आणि बॉल मध्ये धप्प. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत उभ्या.

सगळ्यांत मोठी शोभा झाली ती आपसातल्या सामन्यात. बॉल उचलायला मी सूर मारला आणि माझा पाय ताईंच्या पोटरीला लागला. आता मोठ्या माणसाला पाय लागला तर आपण काय करतो? मी केलं. रॅली चालू असताना, बॉल वर हवेत असताना, मी वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. बॉल माझ्या पाठीवर पडला. ताई घाबरून खाली बसल्या, त्यांना वाटलं माझ्या डोक्याला लागलंय. टीमच्या डॉक्टरीणबाई बॅग घेऊन धावल्या, माझ्या डोळ्यांत विजेरी मारली आणि विचारलं, "किती बोटं दिसतात?" मी म्हटलं, "मला काही झालं नाही, हे आमच्याकडे करतात." त्यांनी कोचकडे बघून मान हलवली आणि मला तासभर आडवं झोपवून ठेवलं.

यात विनोद एवढाच. बाकी माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. मला बोलावलं होतं ते टीमच्या जुन्या लिबेरोचा अंगठा मोडला म्हणून. आता तिचा अंगठा बरा झाला होता. ती रोज हॉलमध्ये यायची, कडेच्या बाकावर बसायची आणि एक रबरी बॉल अंगठ्याने दाबत माझ्याकडे बघायची. स्वभावाने चांगली हो, मला रोज स्वतःच्या डब्यातलं सफरचंद द्यायची. पण मी ते सफरचंद खात असताना ती बॉल दाबायची आणि किती वेळा दाबला ते मी मोजत राहायचे. कोचनी एका दुपारी मला जवळ बोलावून जवळजवळ ऐकूच येणार नाही असं सांगितलं, "टीममध्ये एकच लिबेरो राहणार. रविवारची मॅच तू खेळ. बॉल तुमच्या दोघींच्या मध्ये पडत राहिला, तर सोमवारी तुझं तिकीट काढू."

परत जायचं म्हणजे नुसतं परत जायचं नव्हतं. गल्लीच्या तोंडावर माझ्या फोटोचा मोठा फलक लागला होता, त्यात माझ्यापेक्षा काकांचा फोटो मोठा, 'शुभेच्छुक' म्हणून. तो फलक खाली उतरायच्या आधी मी दारात हजर! मग बाबा म्हणणार, जेवणाचे हाल झाले ना? आणि काका काही बोलणार नाहीत, नुसते आईकडे बघतील. ते बघणं मला आत्तापासून दिसत होतं. एवढं दुधाचं पातेलं घेऊन आलीस, कशाकरता?

मी एरवी बोलायला कमी नाही हो. खांबाने टॉवेल माझ्या खुर्चीवर टाकला तर मी तिची अशी खरडपट्टी काढली की ती टॉवेल घेऊन बाथरूममध्ये जाऊन बसली. भाजीवाला, रिक्षावाला, धाकटा भाऊ, सगळे मला वचकून. पण समोर वयाने मोठं माणूस आलं की तोंडाला कुलूप. कोचनी मला सकाळी एकटीला हॉलमध्ये उभं करून ओरडायला लावलं. "माझा!" मी भिंतीवर ओरडले. "माझा! माझा!" हॉल पुसणारे काका कोपऱ्यात बादली घेऊन उभे होते, ते दचकले आणि त्यांनी फडकं माझ्यापुढे धरलं. घे बाई, तुझं तर तुझं. पन्नाशीचे गृहस्थ, मला इतकी लाज वाटली की मी त्यांची माफी मागून अर्धा हॉल पुसून दिला. कोच दारातून बघत होते. त्यांचे तर ओठही हलले नाहीत.

शनिवारी सराव संपल्यावर ताईंनी मला शेजारी बसवलं. दोन्ही गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या बांधून त्या बाकावर पाय लांब करून बसल्या होत्या. गुडघे सुजून नारळाएवढे झाले होते.

"मी तुला आवडत नाही का?" त्यांनी विचारलं.

"ताई! असं काय बोलता? तुमचा तर मी मान ठेवते."

"म्हणजे काय करतेस?"

मी सांगायला लागले. आमच्याकडे मोठ्यांच्या आधी बसत नाहीत, मोठ्यांना हट म्हणत नाहीत, मोठ्यांच्या पुढे जात नाहीत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बर्फाची पिशवी सरळ केली.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "तू ओरडलीस की तो बॉल तुझा, आणि मी थेट जाळ्यापाशी जाऊन मारायला मोकळी. तू ओरडली नाहीस की मला आधी मागे पळावं लागतं, वाकावं लागतं, मग परत पुढे पळावं लागतं. अडतीसाव्या वर्षी. या गुडघ्यांनी. माझं हे शेवटचं वर्ष आहे. तुझ्या मानापायी मी पळून पळून मरायची."

मला कुणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं. इतके दिवस मी मान ठेवत होते म्हणजे म्हातारीला पळवत होते! मी म्हटलं, "ताई, उद्या ओरडते. आईशप्पथ ओरडते." त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि लंगडत लंगडत निघून गेल्या.

रविवारी हॉल खचाखच भरला होता. घरी सगळे टीव्हीपुढे बसले होते, भावाने फोन टीव्हीला जोडून दिला होता. आईचा निरोप आला, नीट खेळ. काकांचा निरोप आला, कॅमेऱ्याकडे बघ.

पहिल्याच सेटमध्ये बॉल आला, अगदी मधोमध. मी तोंड उघडलं. तोंड उघडलं एवढं नक्की, कारण नंतर फोटोत दिसतंय. आवाज आला नाही. धप्प. ताईंनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, आणि तेच जास्त वाईट होतं. थोड्या वेळाने पुन्हा, धप्प. आम्ही तो सेट हरलो. दुसरा कसाबसा जिंकला, कारण समोरच्यांनी कृपा करून बॉल खांबाकडेच टाकले. तिसऱ्यात पुन्हा तेच. जुनी लिबेरो बाकावरून उठली, तिने रबरी बॉल खिशात घातला आणि कडेला वेगळ्या रंगाचा शर्ट घालून हातपाय मोकळे करायला लागली. कोचनी मला बोटाने सांगितलं, एक. अजून एक पडला की तू बाहेर.

समोरची सर्व्हिस करायला मागे गेली. बॉल उंच आला, वळत, डुगडुगत, नेमका तिथेच. आता मला "माझा" म्हणायचं होतं. मी मनात घोकत होते. आणि मला ताईंची टाच दिसली. मागे यायला निघालेली, गुडघ्याला पट्टा बांधलेला, आणि वजन टाकताना त्यांचं तोंड किंचित वाकडं झालेलं. स्वयंपाकघराच्या दारातून अंग चोरून जाणारं माणूस मला लहानपणापासून ठाऊक होतं. माझ्या छातीतून, पोटातून, कुठून कोण जाणे, आवाज आला, आणि तो माझा नव्हताच, आईचा होता.

"सरका, गरम आहे!"

काय सांगू! ताई टुणकन बाजूला. खांब खाली वाकली. रेषेवरच्या पंचबाई दोन पावलं मागे झाल्या. बाकावरची जुनी लिबेरो उचललेला पाय तसाच धरून उभी. बॉल माझ्या हातांवर आला, मऊसूत, आणि मी तो जाळ्यापाशी असा नेऊन ठेवला की ताई आधीच तिथे पोचलेल्या होत्या. त्यांनी मारला. समोरच्यांना तो दिसला तो थेट जमिनीवरच.

मग माझं तोंड बंदच होईना. "सरका, गरम आहे!" डावीकडे. "गरम आहे गं, सरक!" हे खांबाला. एकदा तर बॉल स्पष्ट बाहेर जात होता तरी ओरडले, चटकच लागली. प्रेक्षकांतल्या मागच्या रांगेतली पोरं माझी नक्कल करायला लागली, सबंध हॉल "गाराम! गाराम!" करत होता. कोच उठून उभे राहिले होते आणि चक्क पूर्ण आवाजात बोलत होते. त्यांना एवढा मोठा आवाज आहे हे टीममध्ये कुणालाच माहीत नव्हतं.

मॅच आम्ही हरलो, ते सांगायचं राहिलंच. शेवटच्या सेटमध्ये दोन गुणांनी. पण मी ओरडायला लागल्यापासून मध्ये पडून एकही गुण गेला नाही. कोच जवळ आले आणि म्हणाले, "सोमवारी सरावाला ये. मध घे, घसा बसलाय तुझा." जुन्या लिबेरोने तिचा शर्ट घडी करून बॅगेत ठेवला. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं, मी तिला तसं सांगितलंही. तिने मला सफरचंद दिलं, आणि या वेळी मी ते अर्धं करून तिला परत दिलं.

खोलीत आल्या आल्या सगळ्यांनी घेरलं. म्हणजे काय ते? मी अर्थ सांगितला. "काय गरम आहे?" खांबाने विचारलं. मी म्हटलं, "दूध." दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये ताई हातात कॉफीचा कप घेऊन, पुरुषांच्या टीमची अख्खी रांग कापत, "सारका, गाराम!" म्हणत थेट खिडकीपाशी गेल्या, आणि धिप्पाड धिप्पाड माणसं भिंतीला लागली. कप रिकामा होता, मी बघितला.

त्या रविवारी संध्याकाळी मी घरी फोन लावला. आईने उचलला.

"ऐकलं मी," ती म्हणाली.

"हसलीस का?"

"मी कशाला हसू? तू टीव्हीतून ओरडलीस आणि तुझे बाबा आणि काका दोघंही खुर्चीतून उठून बाजूला झाले. मग एकमेकांकडे बघत बसले." आता ती हसली, तोंडाला पदर लावून हसते तशी. मग फोन ओट्यावर ठेवल्याचा आणि गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"आई?"

"काही नाही गं. मला इतक्या वर्षांत हातात पातेलं असल्याशिवाय कधी म्हणता आलं नाही. तू रिकाम्या हातांनी म्हणालीस."

मी म्हटलं, "जेवलीस का?" ती म्हणाली, "आता जेवते."

बुधवारी सकाळी बाबांचा फोन आला. बाबा आपण होऊन फोन करत नाहीत, त्यामुळे मी घाबरले.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही. जेवणाचं काय तिकडे?"

"ठीक आहे. तुम्ही सांगा ना, काय झालं?"

"मी दारात पेपर वाचत होतो. तुझी आई आतून आली. म्हणाली, सरका."

"मग?"

"अगं, हातात काही नव्हतं तिच्या. मी नीट बघितलं. पातेलं नाही, चिमटा नाही, काही नाही. सरळ बाहेर गेली, माझ्या खुर्चीवर बसली आणि पेपर मागितला."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार?" बाबा म्हणाले. "सरकलो."